आक्कांनी अडवलेलं दार

बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्यावर आक्का भर वाचनालयात ओरडत. समोर निवृत्त मुख्याध्यापक असले तरी त्यांना फरक पडत नसे. "आजोबा, त्या पानावर वाळवीची पावडर मारलेली हाय. पोटात जाईल!" आजोबा बिचारे रुमालाला बोट पुसत.

आक्का नाशिकमधल्या आमच्या वाचनालयात शिपाई होत्या. माहेर निफाडकडचं, शिक्षण दहावी. मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले तेव्हा जुन्या पुस्तकांच्या खोलीत त्यांची तीस वर्षं गेली होती. पुस्तकं झटकायची नाहीत, ओलसर फडक्याने टिपायची, हे मला त्यांनी शिकवलं. माझ्या पदवीच्या अभ्यासात ते नव्हतं. डबा उघडण्याआधी त्या खोलीत काम करणाऱ्या आम्हा चौघींना साबणाने हात धुवायला लावत आणि नखंही तपासत. आम्ही हसायचो. त्या मात्र जिना चढताना दोनदा थांबत, धापा टाकत. "माझ्या छातीचं झालं ते झालं," एवढंच म्हणत.

एका पावसाळ्यानंतर पुस्तकांना बुरशी आली. कार्यवाहांनी औषध फवारणारी माणसं बोलावली. फवारणी चालू असताना आम्ही चौघींनी आत थांबून पुस्तकं सरकवून द्यायची, असा हुकूम होता. मी मान डोलावली. नोकरीला सहाच महिने झाले होते.

आक्कांनी दारात स्टूल टाकलं आणि त्यावर बसल्या.

"आक्का, बाजूला व्हा," कार्यवाह म्हणाले.

"नाय होणार. पुस्तक गेलं तर दुसरं आणाल साहेब. या पोरींची छाती कुठून आणाल?"

कार्यवाहांनी नोकरीवरून काढायची भाषा केली. आक्कांच्या निवृत्तीला वर्षच राहिलं होतं, तरी त्या हलल्या नाहीत. मग मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मागोमाग बाकीच्या तिघी आल्या. शेवटी फवारणी सुट्टीच्या दिवशी झाली, आणि पुढे दोन दिवस खोली बंद राहिली. महिन्याभरात भिंतीत हवा बाहेर टाकणारा पंखा बसला, आणि दरवर्षी आमची छाती तपासून घ्यायचंही ठरलं.

आक्का आता येवल्याला लेकीकडे असतात. चार वाक्यांत दम लागतो. यंदाच्या तपासणीचे कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेले. चौघींचीही फुप्फुसं स्वच्छ होती.

"नावं घेऊन वाच," आक्का म्हणाल्या.

मी एकेक नाव वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग स्वयंपाकघरातल्या लेकीला हाक मारली, "इकडं ये गं, तूही ऐक." आणि मला म्हणाल्या, "पोरी, पुन्हा वाच."