सुलक्षणाने धरलेलं दार

सुलक्षणा घाडीगावकर अकरा वर्षं साकीनाक्याच्या एका गाळ्यात दारांच्या कड्या खोक्यांत भरत होती, आणि तिच्याच गल्लीतल्या बायकांच्या संडासाला कडी नव्हती. तिने तीनदा आणून लावली. पण दारच इतकं कुजलेलं, की पंधरा दिवसांत स्क्रू गळून पडायचे. मग गल्लीत रीतच पडली. जाताना कुणाला तरी सोबत न्यायचं आणि तिने बाहेरून दार धरायचं. सोबत नसेल तर पोटाला थांबायला सांगायचं.

वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला की एकच उत्तर मिळे, "नगरसेवक येऊ दे, मग बघू." आणि चार वर्षं निवडणुकीचाच पत्ता नव्हता. सुलक्षणाला स्वतःची फिकीर नव्हती, ती कुणाच्या बापाला घाबरत नसे. जीव तुटायचा तो लेकीपायी. अक्षता बारावीला. दुपारी आई कामावर, आणि शेजारणीला 'दार धर' म्हणायची लाज, म्हणून ती पोर पाणीच पीत नसे. दोनदा लघवीच्या इन्फेक्शनने तापली. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पी. दाराचं औषध काही त्यांच्याकडे नव्हतं.

शेवटी एकदाची निवडणूक झाली. निवडून आली माधुरी, पण हार दिसला की मान पुढे व्हायची ती तिच्या नवऱ्याची, राजेशची. रविवारी सकाळी मिरवणूक गल्लीत शिरली. या गल्लीत अर्धा देश राहतो आणि प्रत्येकाला स्वागत आपलं वेगळं हवं असतं. गुजराती मंडळाने ताक पाजलं, जौनपूरवाल्यांनी सरबत, तमिळ घरांनी कॉफी आणि कोकणी मंडळींनी सोलकढी. मतदाराला नाही म्हणायची सवय माधुरीला अजून लागायची होती, त्यामुळे तिने सगळं रिचवलं. सत्काराच्या स्टेजपाशी पोचेस्तोवर तिची चाल बदलली होती. सुलक्षणाने ते बरोबर ओळखलं आणि गर्दीतून तिचा हात धरून तिला मागच्या बाजूला नेलं.

माधुरीने आत जाऊन दार लोटलं. ते परत उघडलं.

"कडी कुठाय?"

"मीच कडी," सुलक्षणा म्हणाली. "बसा निवांत. धरलंय मी."

एवढ्यात ढोल जवळ आला. पुढे राजेश, मागे मोबाईल उंचावलेले दहाबारा कार्यकर्ते, लाईव्ह चालू. मॅडम गेल्या कुठे, म्हणून सगळे शोधत होते.

त्या क्षणी सुलक्षणाच्या डोक्यात जे आलं, ते चांगल्या घरच्या बाईच्या डोक्यात येऊ नये. तिच्या आलं. फटीशी तोंड नेऊन ती हळूच म्हणाली, "मॅडम, माझा हात दुखायला लागला हो."

"ताई, सोडू नका हं."

"नाही सोडत. पण आम्हाला नवीन दार कधी?"

"फंड आला की. महिनाभरात."

"तुमचे मिस्टर आलेत. व्हिडिओ काढतायत."

"आठ दिवसांत."

सुलक्षणाने हात बदलला. दार बोटभर हललं.

"आज," माधुरी म्हणाली. "आत्ता. राजेशला बोलवा इकडे, एकट्याला."

राजेश आला. आतून हुकूम सुटला, की पोरांना मागे घे, स्टेजच्या फळ्या काढ आणि मंडपाच्या सुताराला इकडे पाठव.

"अगं, स्टेजवर पक्षाचे साहेब बसणारेत."

"साहेबांना खाली खुर्ची दे. नगरसेवक तू आहेस का मी?"

पुढची पाच वर्षं कारभार कोण बघणार, ते गल्लीला तिथेच कळलं. साहेब खाली बसले, तोंड आंबट करून. भाषणं चालू असतानाच मागे रंधा आणि हातोडी चालत होती.

जेवणवेळेपर्यंत दार बसलं. कडी सुलक्षणाने स्वतः लावली, आपल्या गाळ्यातली, जाड पितळेची. मग अक्षता आत गेली आणि सुलक्षणा नेहमीसारखी बाहेर दार धरून उभी राहिली.

"आई, सोड ना," आतून अक्षता म्हणाली. "कडी लावलीय मी."

सुलक्षणाने हात काढला. मोकळ्या हाताचं काय करायचं ते तिला सुचेना, आणि चार लोक बघतायत हे दिसत असूनही तिला रडू आलं.

घरी आल्यावर अक्षताने माठातलं पाणी घेतलं आणि एकामागून एक दोन पेले प्यायली. दुपारचा एक वाजला होता.