बोरीखालची गळती

वरच्या टोकाला बादली सहा सेकंदांत भरत होती. खालच्या हौदाशी तीच बादली भरायला नऊ सेकंद लागत होते. मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. मधल्या अर्ध्या किलोमीटरमध्ये एक तृतीयांश पाणी गायब होत होतं.

मला आनंद झाला. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण माझा धंदाच तो आहे. फुजैराच्या एका ऑइल टर्मिनलवर गेली एकोणीस वर्षं मी लीक सर्व्हे करतो. म्हणजे टाक्या आणि त्यांच्यामधल्या पाइपलाइनीतून तेल कुठे झिरपतंय का, ते शोधायचं, बंद करायचं आणि फॉर्म भरायचा. गळती दिसली की माझे हात शिवशिवतात. बायको म्हणते, हा माणूस हॉटेलात गेला तरी आधी बाथरूमचा नळ तपासतो. खोटं नाही ते.

हे गाव फुजैराच्या मागच्या डोंगरात आहे. टर्मिनलवरून गाडीने पाऊण तास. डोंगराच्या घळीतल्या झऱ्याचं पाणी दगडी पाटाने गावात आणलंय. त्या पाटाला तिथे फलज म्हणतात. पाटाचं पाणी हौदात साठतं आणि हौदातून पाळीपाळीने शेतांना जातं. गावातली बरीच माणसं शहरात गेली होती, पण आता काही कुटुंबं परत येऊन खजुराच्या जुन्या बागा लावू बघत होती. अडचण एकच. हौद वेळेत भरत नव्हता, त्यामुळे शेवटच्या शेतांची पाळी यायच्या आतच पाणी संपायचं.

आमच्या कंपनीला सीएसआर करायचं होतं आणि आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपला वीकेंडला काहीतरी चांगलं करायची हौस होती. दोन्ही जुळलं. आठ जण होतो, सात इंजिनियर आणि एक सीए. सगळ्यात जास्त गाळ सीएने उपसला, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. गावातर्फे राशिद नावाचा तरुण आमच्या सोबत असे. तो शहरात सरकारी नोकरीत, इंग्रजी उत्तम. पाटाची खरी देखभाल त्याचे काका सालेम करायचे. आपल्याकडे पाटकरी असतो ना, तसे. पण मोतिबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते तेव्हा मुलाकडे अबू धाबीला गेले होते. राशिद म्हणाला, काका येतील तोवर सरप्राइज देऊ. मला कल्पना फार आवडली.

गळती शोधायची आमची पद्धत सोपी आहे. पाइपलाइनचा एक तुकडा दोन्हीकडून बंद करायचा आणि आतलं प्रेशर उतरतंय का बघायचं. याला आयसोलेशन टेस्ट म्हणतात. पाटाला व्हॉल्व्ह नसतो, म्हणून आम्ही वाळूच्या गोण्या टाकून तुकडे पाडले. पाण्याच्या पातळीशी खडूने रेघ मारायची, अर्धा तास डब्यातले पोहे खायचे आणि परत बघायचं. चार तुकड्यांत पाणी रेघेशी जवळपास जिथल्या तिथे. पाचव्यात पाणी वीतभर खाली.

हा पाचवा तुकडा एका मोठ्या बोरीच्या झाडाखाली होता. तिथल्या दगडांच्या सांध्यांत फटी होत्या. एकूण अकरा, हातभर अंतराने एकेक. मी त्यांचे फोटो काढले आणि मित्रांना म्हणालो, बघा, जुन्या काळीसुद्धा कॉन्ट्रॅक्टर असेच होते. सगळे हसले आणि आम्ही त्या फटी ग्राउटने, म्हणजे पातळ सिमेंटने, बुजवायला घेतल्या.

पाटाच्या खालच्या अंगाला दगडी कुंपणात एक छोटी बाग होती. सतरा लिंबोणी. ती उम्म सईदची, म्हणजे सईदच्या आईची. सईद शहरात ड्रायव्हर आणि ही म्हातारी इथे एकटी. आम्ही काम करत असताना ती दोन्ही दिवस चहा घेऊन आली. सोबत पापडासारखी पातळ भाकरी आणि तिच्याच लिंबांचं लोणचं. तिच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना मोडकंतोडकं हिंदी येतं. दुसऱ्या दिवशी शेवटची फट मी थापीने गुळगुळीत करत होतो, तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली.

"सब बंद?" तिने विचारलं.

"हां, सब बंद. खलास," मी छाती फुगवून सांगितलं.

तिने पाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "इन्शाल्ला खैर," म्हणजे देव भलं करो, असं म्हणाली आणि माझा कप परत भरला.

पुढच्या वीकेंडला ग्राउट वाळल्यावर हौदाशी बादली सात सेकंदांत भरली. मी सवयीने लीक सर्व्हेचा फॉर्म भरला आणि बिफोर-आफ्टरचं प्रेझेंटेशन केलं. आमचे मॅनेजर थॉमस सर एवढे खूश झाले की ते त्यांनी थेट हेड ऑफिसला पाठवलं. गावात एक छोटा बोर्ड लावायचंही ठरलं.

तीन आठवड्यांनी राशिदचा फोन आला. काका परत आलेत, तुम्हाला कॉफीला बोलावलंय. मी इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोने चिवड्याचा डबा दिला. शाबासकी घ्यायला माणूस जसा जातो, तसा गेलो.

सालेम काका काळा चष्मा लावून अंगणात बसले होते. तिथे वडीलधाऱ्या माणसाला वालिद म्हणतात, मीही तेच म्हणायचो. त्यांनी माझ्या आईवडिलांची चौकशी केली, मुलीच्या शाळेची केली, चिवडा चाखून बायकोचं कौतुक केलं. तिसरी कॉफी होईपर्यंत कामाचा विषय काढायचा नाही, अशी तिथली रीत. तिसऱ्यानंतर मी कप हलवला, म्हणजे पुरे. ते उठले आणि म्हणाले, चलो.

पाटाच्या कडेने ते भराभर चालत होते. डोळ्यांनी नीट दिसत नसतानाही पाय कुठे अडखळत नव्हता. बोरीखाली थांबले. मान थोडी वाकडी करून ऐकलं.

"पानी का आवाज बदल गया," ते शांतपणे म्हणाले.

मला वाटलं हे कौतुकच. मग त्यांनी मला कुंपणाच्या आत नेलं. लिंबोणींची पानं पिवळी पडून कडेने गुंडाळली होती. दोन झाडांखाली कोवळ्या लिंबांचा सडा होता. उम्म सईद तेलाच्या जुन्या डब्यातून एकेका झाडाला पाणी घालत होती. ते पाणी ती हौदापासून डोक्यावरून आणत होती, रोज, सकाळपासून, कारण पाटाला मधेच हात लावायचा नाही, घरापुरतं पाणी हौदावरून घ्यायचं, अशी गावाची रीत. मला बघून तिने डबा खाली ठेवला आणि पहिली गोष्ट काय केली, तर चहा विचारला.

त्यानंतर काकांनी जे सांगितलं ते निम्मं हिंदीत होतं, निम्मं राशिदने इंग्रजीत करून दिलं. पाट जिथून जातो ती बोरीखालची जमीन उम्म सईदच्या नवऱ्याच्या आजोबांची. पाट बांधायचा ठरला तेव्हा त्यांनी जमीन दिली आणि बदल्यात पाळी मागितली नाही. इथून जे झिरपेल ते आमचं, एवढंच म्हणाले. म्हणून बांधणाऱ्यांनी अकरा फटी सोडल्या. कागद नाही, सही नाही. पाळ्यांच्या यादीत त्या घराचं नाव कधीच आलं नाही, कारण त्यांना पाळीची गरजच नव्हती. राशिद स्वतः हे पहिल्यांदा ऐकत होता. त्याचं तोंड माझ्याइतकंच उतरलं.

हातभर अंतराने एकेक फट. सांगा, आपोआप झालेली गळती कधी इतकी शिस्तीत होते? एकोणीस वर्षं लीक शोधणाऱ्या माणसाने फोटो काढला, विनोद केला आणि सिमेंट थापलं. मला स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

तरी इंजिनियर तो इंजिनियर. मी लगेच उपाय काढला. म्हटलं, वालिद, मी इथे एक पाइप बसवतो. त्याला व्हॉल्व्ह देतो. उम्म सईदला हवं तेव्हा हवं तेवढं पाणी, एक थेंब वाया नाही.

काकांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "व्हॉल्व्ह कौन खोलेगा?"

"उम्म सईद. नाहीतर तुम्ही."

"मैं मरेगा. ये भी मरेगा. फिर जो आएगा, वो झगडा करेगा, भूल जाएगा. छेद झगडा नहीं करता."

आमच्या इंडस्ट्रीत ज्या सिस्टिमला हलणारे पार्ट नाहीत ती सगळ्यात भरवशाची, हे मी दर वर्षी नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये शिकवतो. तेच मला एका पाटकऱ्याने, जो शाळेत गेला होता की नाही हेही मला माहीत नाही, एका वाक्यात ऐकवलं.

मी उम्म सईदला विचारलं, त्या दिवशी तुम्ही शेजारी उभ्या होतात, मला थांबवलं का नाही? ती अरबीत बोलली, बराच वेळ. मग राशिदने सांगितलं.

"ती म्हणते, तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही उन्हात वाकून माझ्या गावाचं काम करत होतात. माझ्या घरचं खाणाऱ्याला 'थांब' कसं म्हणू? सालेम आला की बघेल, तोवर झाडांना मी पाणी आणीन, असं तिने ठरवलं."

मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नाही, आलं. राशिदने डोंगराकडे बघायचं सोंग केलं.

छिन्नी-हातोडा गाडीत होताच. राशिद म्हणाला, उद्या दोन लेबर आणतो. काकांनी हात वर केला. ज्याने बंद केलं तोच उघडेल. आवाजात राग नव्हता, पण सूटही नव्हती. मी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. काका पाटाशी उकिडवे बसले आणि कान पाण्याजवळ नेला. मी ग्राउट फोडायचो, ते ऐकायचे. और थोडा. और थोडा. बस. एकेका फटीला असंच. दोन ठिकाणी मी जास्त फोडलं, तिथे त्यांनी ओल्या मातीत खडा बसवून ते बारीक केलं. अकरावी फट झाली तेव्हा माझ्या तळहातांना फोड आले होते आणि उम्म सईदच्या बागेत पहिल्या सरीतली माती काळी व्हायला लागली होती.

न राहवून मी हौदाशी जाऊन बादली लावली. नऊ सेकंद. पुन्हा लावली. नऊ. एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाने नुसत्या कानाने माझ्या स्टॉपवॉचइतकं अचूक पाणी सोडलं होतं.

हौदाचं काय, हा प्रश्न उरलाच होता. तेही काकांनीच सांगितलं. मागच्या पुरात झऱ्याच्या तोंडाशी दगडगोटे येऊन बसलेत, चोर तिथे आहे, तुम्ही खाली कशाला शोधता? पुढचे दोन वीकेंड आम्ही तिथे राबलो. मग वरची बादली पाच सेकंदांत भरू लागली आणि हौदाशी साडेसात. शेवटच्या शेतांपर्यंत पाळी पोचायला लागली. आणि हिशेब मांडल्यावर माझ्या लक्षात आलं, वर पाणी वाढलं तसा उम्म सईदचा वाटाही त्याच प्रमाणात वाढला होता. कुणी मीटिंग घेतली नाही, कुणी यादी बदलली नाही. असलं डिझाइन मला उभ्या जन्मात जमणार नाही.

घरी सगळं सांगितलं तेव्हा बायकोने एकच प्रश्न केला. "पण काम सुरू करताना तू विचारलं होतंस का?"

"विचारलं ना. राशिदला."

"जिच्या घरचा चहा पीत होतास, तिला?"

पलीकडून मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स रिअली बॅड."

थॉमस सरांना सांगणं बाकी होतं. सोमवारी केबिनमध्ये गेलो. हेड ऑफिसला गेलेलं प्रेझेंटेशन मागे घ्यावं लागेल म्हटल्यावर ते खुर्चीत ताठ झाले. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते मूळचे केरळच्या डोंगराळ भागातले, गावच्या पाण्याचे वाटे त्यांना समजावून सांगावे लागले नाहीत.

"सो द लीक इज स्टिल देअर," ते म्हणाले.

"येस सर. आणि ती तिथेच राहील."

"मग फॉर्म नवीन भर. नीट भर."

बोर्ड लागला नाही. जूनमध्ये राशिदच्या हाती उम्म सईदने लिंबांची पिशवी पाठवली. दोन झाडं गेली, पंधरा जगली. त्या दोन झाडांचं लिंबू आता कधीच कुणी खाणार नाही, हे पिशवी उघडताना डोक्यात आल्याशिवाय राहिलं नाही.

आता कुठल्याही गावात मदतीला गेलो की कामाच्या यादीतली पहिली ओळ ठरलेली असते. जे वाया जातंय असं वाटतं, ते कुणाकडे जातंय ते आधी बघून यायचं. आणि ते तिथल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारायचं, तो हॉस्पिटलमध्ये असेल तर तो परत येईपर्यंत थांबायचं.

तो नवीन फॉर्म अजून फाइलला आहे. आमचा नेहमीचाच लीक सर्व्हेचा फॉर्म. जागा: बोरीच्या झाडाखाली. संख्या: अकरा. स्थिती: चालू. कारण या रकान्यात आम्ही नेहमी गंज, झीज, खराब वेल्डिंग असं काहीतरी लिहितो. तिथे मी लिहिलं, करारानुसार. थॉमस सरांनी ते वाचलं आणि खाली सही केली.