हंसाच्या पिल्लाला बांधलेली चिंधी

एकोणीसशे साठच्या सुमारास मी दिग्रसला मास्तर होतो. माझं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं, त्यामुळे शाळेच्या वाटेवर कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या एका बाईच्या ओट्यावर मी रोज दम खायचो. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती मला गुर्जी म्हणायची.

त्या हिवाळ्यात तिने खुडूक कोंबडीखाली हंसाची चार अंडी ठेवली होती. एवढी मोठी अंडी कोंबडीला उलटवत नाहीत, म्हणून बाई स्वतःच ती सकाळ-संध्याकाळ फिरवायची. प्रत्येकावर काजळाचा ठिपका होता. दृष्ट लागू नये म्हणून का, असं मी विचारलं, तर ती हसली.

"दृष्ट कायची, गुर्जी? कोनती बाजू वर होती, थे समजाले."

महिन्याने तीन पिल्लं निघाली. एकाचे पाय दोन्हीकडे फाकलेले होते. ते पोटावरच सरपटत होतं.

"हे काही जगायचं नाही," मी म्हणालो.

तिने जुन्या लुगड्याची मऊ चिंधी फाडली, पिल्लाचे पाय अंगाखाली आणले, मध्ये बोटभर जागा सोडून बांधले आणि त्याला गोणपाटावर ठेवलं.

"हाडं कवळी हायेत तवाच बांधा लागते."

पाचव्या दिवशी तिने चिंधी सोडली. पिल्लू उभं राहिलं, दोनदा पडलं आणि भावंडांमागे चालू लागलं. मग तिने सरळ माझ्या पायाकडे पाहिलं.

"गुर्जी, तुमच्या मायनं काहून नाही बांधला?"

"ती पाय सरळ व्हावा म्हणून उपास करत होती," मी म्हणालो.