पद्माक्कांनी घडवलेला दात

निपाणीच्या दातांच्या डॉक्टर पद्माक्का लहान मुलांवर कधी ओरडत नसत. तो ओरडा मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला असे, आणि तोही माणूस बघून मराठीत किंवा कानडीत मिळे. "पोरगं भ्यालं न्हाय, तुमीच भ्यालाय. भाईर बसा," म्हणायच्या.

आमची अमृता चौथीत असताना सायकलवरून पडली आणि पुढचा दात अर्धा तुटला. तुकडा अंगणातच सापडला. माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, तो रीतीप्रमाणे कौलावर फेकला आणि आता नवा येईल म्हणून ते निर्धास्त झाले.

"तुकडा कुठाय?" पद्माक्कांनी विचारलं.

"कौलावर. आमच्यात तसंच करत्यात," आप्पा ऐटीत म्हणाले.

"दुधाचा टाकत्यात, आप्पा. ह्यो पक्का हाय. आणला असता तर चिकटवून दिला असता. आता उंदीरमामा नवा घेऊन येतोय का, बघत बसा."

माझ्या नवऱ्यानं शिडी लावून कौलं धुंडाळली. कुणाचा तरी किडका दुधाचा दात सापडला, हवा होता तो नाही.

इकडे अमृतानं हसणंच सोडलं होतं. बोलतानाही हात तोंडावर. माझा जीव त्यानंच तुटत होता.

पद्माक्कांनी खिडकीच्या उजेडात रंगाचे नमुने एकेक करून तिच्या दाताजवळ धरले. मग दाताच्या रंगाचं मऊ सिमेंट थराथरानं लावत, निळ्या दिव्यानं कडक करत, दात घडवला.

"जरा पांढरा करा की," मी म्हटलं.

"आणि शेजारच्याला काय चुना लावू? भरलेला दात लपला पायजे, पोरगी न्हाय."

अमृतानं आरशात पाहिलं, आणि हात पुन्हा तोंडावर! पद्माक्का वळून म्हणाल्या, "आप्पा, आ करा बघू."

आप्पांनी आ केला. आत तंबाखूनं काळे पडलेले दोन-चार दात.

"अगं बाई! ह्यांनी तर समदं दुकानच कौलावर फेकलंय की गं!"

अमृता खदाखदा हसली. हात मांडीवरच राहिले.

पद्माक्का गेल्या वर्षी वारल्या. आम्ही त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा बायका डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. अमृता आता बेळगावला कॉलेजात असते. पद्माक्कांच्या सुनेला ती आप्पांची ही गोष्ट सांगायला लागली आणि मध्येच तिला हसू फुटलं, चांगलं मोठ्यानं, सगळे दात दाखवत. सूनही रडता रडता हसली. कोपऱ्यातली एक म्हातारी "काय ही पोर!" म्हणत माझ्याकडे बघायला लागली.

मी पोरीला गप्प केलं नाही.