हिवतापानंतरचा नाच

वसमतच्या आमच्या हौशी मंडळींनी त्या वर्षी संगीत नाटक बसवलं होतं. बायकांनी नाटकात काम करायची तेव्हा आमच्याकडे रीत नव्हती, म्हणून नायिका मीच. दुसऱ्या अंकात तिला गात गात नाचायचं होतं. नेमका पावसाळ्यात मला हिवताप झाला. उठलो तेव्हा पायांत जीवच उरला नव्हता. तालमीत पहिल्या गिरकीलाच दम लागून मी खांबाला धरून उभा राहिलो. पेटीवाले काका हळूच म्हणाले, "नाच गाळू या का?"

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पहाटे माझ्यासंगं जात्यावर बसा. आमी दळताना गातोच की."

"कुणी पाहिलं तर?"

"दार लावून घेते."

पहिल्या दिवशी ओळ अर्ध्यावरच तुटली. ती हसली आणि खुंटा माझ्या हातून काढून घेतला. पण रोज बसत गेलो, तसा दम वाढला. मग अंगणात पायांत घुंगरांचे चाळ बांधून गिरक्या घेऊ लागलो. पायही हळूहळू सावरले.

प्रयोगात गिरक्या संपल्या आणि शेवटची ओळ एका दमात म्हटली गेली. पेटीवाल्या काकांनी वर बघून मान डोलावली. आत आलो आणि लुगड्यासकट ट्रंकेवर बसून राहिलो. छातीवरचं ओझं उतरलं होतं.

घरी बायकोनं विचारलं, "लई तकलीफ झाली का?"

"न्हाई. भूक लागलीय."

आजारापासून मी आपणहून जेवायला मागितलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि चुलीकडे गेली.