मंडळाचे माजी सदस्य

भेस्तानच्या आमच्या कामगार वस्तीतल्या तरुण मंडळात तिशी ओलांडली की सदस्यत्व संपायचं. हा नियम मंडळ उभं करणाऱ्या भाऊंनीच केला होता आणि वेळ आल्यावर तेच सगळ्यांत आधी बाजूला झाले. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात राहून त्यांचा आवाज मोठा झाला होता, पण बैठकीला आले की ते दाराशी गप्प उभे राहायचे. कोणी मत विचारलं तर म्हणायचे, "मी माजी आहे, भो. तुम्ही ठरवा." मला तो हट्टीपणा वाटायचा.

मी नवा अध्यक्ष झालो त्या वर्षी एका दुपारी खाडीचं पाणी वस्तीत शिरलं. पोरं मंडळाच्या ओट्यावर जमली आणि खांद्यावर दोर टाकून धावत आलेल्या भाऊंकडे बघू लागली. मीही त्यांच्याकडेच बघत होतो. ते सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अध्यक्ष, बोला. मी कुठं जाऊ?"

एरवी ते मला 'अरे' म्हणायचे. आता बोलणं भाग होतं.

"खाडीकडच्या चाळीत म्हातारी माणसं अडकलीत. चौघांना घेऊन तिकडं जा, भाऊ."

ते लगेच पाण्यात उतरले. मग मी एकेकाला नाव घेऊन कामं वाटली, तेव्हा कोणीही भाऊंकडे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी शेवटच्या आजीला पाठीवर घेऊन भाऊ, आम्ही लोकांना हलवत होतो त्या शाळेत पोचले. तिला बाकावर बसवून, धापा टाकत त्यांनी मला विचारलं, "आता पुढचं काम सांगा."