खोटा कापूस

घाटंजीतल्या एका इंग्रजी शाळेत मी केजीच्या पोरांना शिकवत होते. सकाळी पोरं आली की दप्तर खुंटीला, पाण्याची बाटली खिडकीत, आणि टेबलावर मांडून ठेवलेलं काम गुपचूप करायचं. मणी ओवा, बटणं रंगाप्रमाणे वेगळी करा, ठिपक्यांवरून रेघ ओढा. प्रार्थनेआधीचा हा अर्धा तास. आमच्या मोठ्या मॅडम याला ‘मॉर्निंग वर्क’ म्हणत. चार वर्षांची पोरं, डोळ्यांत अजून झोप, आणि त्यांनी म्हणे कारकुनांसारखं मान खाली घालून बसायचं! गुपचूपच काहून? तर पालक डोकावले की वर्ग चांगला दिसला पाहिजे.

त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. आईबाप दोघंही दुसऱ्याच्या वावरात कामाला. पोट्टी कामात मोठी चोख, सगळ्यांच्या आधी मणी ओवून मोकळी. पण बोलायची नाही. शाळा सुरू झाली तेव्हापासून दिवाळी होऊन गेली तरी एक शब्द नाही. मोठ्या मॅडमनी फर्मान काढलं, या आठवड्यात बोलली नाही तर परत नर्सरीत बसवा. म्हणजे हिच्या बरोबरीची पोरं पुढे जाणार आणि ही शेंबड्या तीन वर्षांच्या पोरांत बसणार. मला ते अजिबात पटलं नव्हतं. आणि मी काय केलं? ‘हो मॅडम’ म्हटलं. त्या ‘हो’चा मला अजून संताप येतो.

शुक्रवारच्या कामात मेंढी होती. कागदावर मेंढीचं चित्र, तिच्या अंगावर कापूस चिकटवायचा. शाळेच्या फाटकासमोरून कापसानं भरलेल्या गाड्या सरकी काढायला जिनिंगकडे चालल्या होत्या, आणि मी शहाणी, मेडिकलमधून कापसाची गुंडाळी विकत आणली होती!

बाकीच्यांनी डिंक फासून मेंढ्या पांढऱ्या केल्या. ही मात्र एकेक पुंजका घ्यायची, बोटांनी उकलायची, आत बघायची आणि बाजूला ठेवून द्यायची. मेंढी तशीच उघडी. मी जवळ जाऊन बसले तेव्हा तिनं मान वर केली.

“मिस, हा कापूस खोटा हाय. याच्यात सरकीच नाई.”

बरोबरच होतं तिचं! घरी तिनं पाहिलेल्या कापसात बी असायचीच. पोट्टी तीच शोधून राहिली होती. मला इतका आनंद झाला की मी तिचा मुकाच घेतला आणि तडक मोठ्या मॅडमकडे धावले.

“इंग्लिशमध्ये बोलली का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“निदान शुद्ध मराठीत?”

मी तिचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

“मग ते धरायचं नाही.”

अरे वा! एवढ्याशा पोरीनं आपली चूक पकडली, आणि ते बोलणं धरायचं नाही? बाप्पा! पण हे सगळं मनातल्या मनात. त्यांनी नर्सरीत बसवायची चिठ्ठी लिहिली, सही तेवढी बाकी ठेवली, आणि उद्या आईला बोलवा म्हणाल्या.

आई सकाळीच आली, वेचणीला जायच्या तयारीनं. मी तोंड उघडायच्या आधी तिनंच हात जोडले.

“म्याडम, माफ करा. काल वर्गात बोलली म्हणे पोट्टी. घरी येऊन तिनंच सांगतलं मले. भल्ली रागावली मी तिच्यावर. आता नाई बोलाची.”

“अहो, बोलायलाच तर पाहिजे! गप्प कायले बसवता तिला?”

“तुमीच तं सांगतलं होतं पहिल्या दिवशी. घरची बोली इथं चालनार नाई म्हून. तिले दुसरी येतेच कुठं?”

सांगितलं होतं. मीच. फाटकात उभं राहून, एकेका आईला, हसत हसत. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. मोठ्या मॅडमचा राग आला, त्याहून जास्त माझा स्वतःचा आला.

मायलेकींना घेऊन मी तशीच केबिनमध्ये शिरले. “ही बोलते,” मी ओरडलेच. “आपण तिचं तोंड बंद केलं. ही चिठ्ठी मी देणार नाही.”

मोठ्या मॅडम जराही चिडल्या नाहीत. “ठीक आहे. बोलू द्या तिला. कोणत्याही भाषेत.”

मी पोरीसमोर खाली बसले. “सांग गं माय, कालचा कापूस खोटा काहून होता? घरी बोलतेस तसंच सांग.”

“बोल वं, बोल,” आई काकुळतीला आली.

पोरीनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मी शिकवलं होतं अगदी तश्शी हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं, आणि माझ्या शाबासकीची वाट बघत ताठ उभी राहिली.

मोठ्या मॅडमनी चिठ्ठीवर सही केली.